शेक संपल्यावरचे हिशेब

प्रश्न : माझ्या मालकांना (वय 47) जबड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग 30 शेक (रेडिएशन). चार महिन्यांत मानेत गाठ आली. आता इम्युनोथेरपी (अंगातल्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढवणारी इंजेक्शनं) सांगितली आहे, महिन्याला दोन-अडीच लाख. पाच एकर कोरडवाहू रान आहे. दीर म्हणतात, दोन एकर काढू. काय करावं?
– एक वाचक, परळी परिसर

उत्तर : ताई, रानाचा सौदा आठ-दहा दिवस थांबवा, तपासण्या मात्र आजच सुरू करा. शेकानंतर मान कडक होते, जंतुसंसर्गानेही गाठ येते. म्हणून आधी सुईची तपासणी, मग स्कॅन. गाठ फक्त मानेतच असेल तर सर्जनला सरळ विचारा, "ही पूर्ण निघते का?" निघत असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विचार आधी, कारण या टप्प्यावर बरं होण्याची वाट बहुतेक तीच असते. निघत नसेल तर औषधाने दिवस वाढतात, त्रास कमी होतो. रोग मुळापासून जाणं फार क्वचित. ही गोष्ट डॉक्टर आपणहून सांगत नाहीत, घरचे विचारत नाहीत, आणि सातबारा मध्ये सापडतो.

औषधाचा डोस हा खर्चाचा खरा मुद्दा. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडातून घ्यायच्या स्वस्त औषधांच्या (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब) जोडीने देऊन पाहिलं. वर्षभर जगलेले रुग्ण नुसत्या त्या औषधांवर 16 टक्के होते, या जोडीवर 43 टक्के. कुपी 40 मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे एकाच दिवशी दोन रुग्ण असले तर ती वाटून घेता येते. "लहान डोस आमच्या पेशंटला चालेल का?" एवढं विचारून या. इंजेक्शन परवडलंच नाही तरी मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबच्या गोळ्या हाही इलाज आहे, त्याला हयगय समजू नका.

दुसरं मत घ्याच. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आमखास मैदानाजवळ आहे. टाटाला जायचं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट फुकट, सोबत्याला 75 टक्के सवलत. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी भरून दिलेला सवलतीचा फॉर्म हवा. सोबत डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी, शेकाचा एकूण डोस लिहिलेला कागद, आणि हमखास राहून जाणारी गोष्ट, म्हणजे तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा. काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या चौकटीत असतो, कडेला नंबर असतो. मूळ लॅबमधून सही करून मागून घ्या. एप्रिल-मेमध्ये जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण पाघळतं.

पैशाचं : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या पॅकेजपुरतंच. भरती होण्याआधी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाच्या) टेबलावर जा आणि विचारा, हे औषध पॅकेजमध्ये बसतं का? योजना कॅशलेस आहे, आधी भरलेली बिलं परत मिळत नाहीत. पॅकेजात असूनही कुणी "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी दिली तर ती आरोग्यमित्राला दाखवा, नाहीतर 155388 वर फोन करा.

एवढं करूनही खिशातून घालायची वेळ आली तर सबंध वर्षाचं नको, तीन महिन्यांचं ठरवा. त्यानंतर स्कॅन. गाठ वाढली असेल तर ते औषध थांबवा, पैसा त्यात ओतत राहू नका. दुखणं मात्र सहन करायला लावू नका. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतली तर व्यसनाची भीती फारशी नसते. पोट घट्ट होतं, म्हणून जोडीने पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून.

प्रश्न : आईचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार दीड वर्षापूर्वी संपले. काही त्रास नाही, तरी दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन (PET, सगळ्या अंगाचा स्कॅन) करा म्हणतात.
– वसमत

उत्तर : त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन लागत नाही, त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. पहिली तीन वर्षं 3 ते 6 महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एक मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे). हाड सतत दुखणं, दम लागणं, नवी गाठ, कावीळ यांतलं काही आलं तर मात्र तपासणी लांबवू नका. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोनची गोळी) चालू असेल तर गोळी चुकवू नका. पुरेल एवढ्या गोळ्या घरात ठेवा. पाळी गेलेली असून अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा.

प्रश्न : वडिलांच्या तोंडाला तीन वर्षांपूर्वी शेक दिले. आता दाढ हलते, गावातला दंतवैद्य काढतो म्हणतो.
– औसा

उत्तर : काढू देऊ नका. शेक घेतलेल्या जबड्यात रक्तपुरवठा कमी असतो. जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं, वर्षं उलटली तरी. आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांकडून जबड्याला किती ग्रे (शेकाच्या डोसचं माप) मिळाले ते लिहून घ्या आणि तो कागद दंतवैद्याला दाखवा. जमेल तिथे रूट कॅनॉल करून दाढ तशीच ठेवायची.