तांत्रिक लेखक की तांत्रिक लेखनिक?

प्रश्न हिंजवडीच्या एका वाचक बाईंचा आहे. सॉफ्टवेअर कंपनीत त्या नऊ वर्षं टेक्निकल रायटर आहेत, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहितात. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ऑफिसात सगळ्यांची पदं मराठीत लिहून लावली. यांच्या नावापुढे ‘तांत्रिक लेखनिक’ असं आलं. त्या विचारतात, हा शब्द बरोबर आहे, की मलाच उगाच टोचतोय?

उगाच नाही टोचत. शब्द चुकलाच आहे.

लेखनिक म्हणजे दुसऱ्याचं सांगणं उतरवून घेणारा. परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. विद्यार्थी सांगेल तेवढंच त्यानं लिहायचं, स्वतःला उत्तर येत असलं तरी पदरचं काही घालायचं नाही. ते काम मोलाचं आहे, पण तुमचं काम नेमकं उलटं आहे. काय सांगायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं आणि काय गाळायचं, हे तुम्ही ठरवता.

मी काही वर्षं पंपांच्या वापरपुस्तिका लिहिल्या. डिझाइनवाल्यांकडून आलेल्या एका मसुद्यात चौथी सूचना होती ‘पंप सुरू करा’ आणि पाचवी ‘केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) पाण्यानं भरलं असल्याची खात्री करा’. इंजिनिअरच्या डोक्यात पाणी आधीच भरलेलं होतं, म्हणून त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. शेतावरचा माणूस मात्र एकेक ओळ वाचत बटण दाबणार. सेंट्रिफ्यूगल पंपात हवा असली तर तो पाणी ओढत नाही, आणि कोरडा फिरला तर सील जळतं. फिटरशेजारी बसून, फूटव्हॉल्व्हपासून (पाण्यातल्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेपासून) सगळं बघून मी क्रम फिरवला. लेखनिकानं त्या दोन ओळी शुद्ध अक्षरात होत्या तशाच उतरवल्या असत्या.

मग ‘तंत्रलेखक’ म्हणावं का? शब्द सुटसुटीत आहे, तरी मी सुचवणार नाही. सरकारी मराठीत टायपिस्टला टंकलेखक म्हणतात आणि स्टेनोला लघुलेखक. म्हणजे ‘लेखक’ शब्द असूनही दोघं दुसऱ्याचाच मजकूर लिहितात. फोनवर ‘तंत्रलेखक’ म्हणालात तर ऐकणारा ‘टंकलेखक’ ऐकेल. ‘तांत्रिक लेखक’ असे दोन सुटे शब्द ठेवा. यात मंत्रतंत्राची शंका नको. मराठीत तंत्रनिकेतन, तंत्रशिक्षण, तांत्रिक बिघाड हे सगळे शब्द रुळलेले आहेत.

शब्दांचा मान कसा वरखाली होतो, हे याच घरात दिसतं. चिटणीसमधला ‘णीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस होते, आणि आजही पक्षाचा किंवा संस्थेचा चिटणीस म्हणजे वजनदार माणूस. कारकूनही फारसीतूनच आला, मूळ अर्थ ‘काम करणारा’. त्या शब्दानं पेशवाईत मोठी माणसं पाहिली, पण आता ‘कारकुनी काम’ म्हटलं की डोकं न लावता केलेलं काम डोळ्यांपुढे येतं. माणसं तीच लेखणी धरत होती. फरक पडला तो लिहिणाऱ्याच्या हातात निर्णय किती उरला, यामुळे.

म्हणून ऑफिसातल्या पदांच्या यादीइतकंच आपल्या रोजच्या क्रियापदांकडे बघा. तुम्ही पत्रात लिहिता की सहकारी ‘जरा इंग्रजी नीट करून दे’ म्हणतात. याचं मूळ आपल्याही बोलण्यात असतं. मीटिंगमध्ये आपण सवयीनं म्हणतो, ‘तुम्ही सांगा, मी लिहून घेते.’ या ‘घेते’नं आपण स्वतःच लेखनिक होतो. त्याऐवजी ‘हा भाग मी लिहितेय, पासवर्ड तीनदा चुकला तर पुढे काय होतं ते मला दाखवा’ असं म्हणून बघा. मी ‘लिहून घेतो’ सोडलं, त्यानंतर डिझाइनवाले नवा पंप चाचणीला लावायच्या आधी मला बोलवू लागले.

यादीपुरतं सांगायचं तर ‘तांत्रिक लेखक’ ही दुरुस्ती कळवा आणि सोबत परीक्षेतल्या लेखनिकाचं उदाहरण द्या. ज्यानं यादी केली त्याला ते लगेच पटेल. बोलताना ‘टेक्निकल रायटर’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही.