वाचकांचे प्रश्न : दूध पिणारा साप आणि होम्स

प्रश्न : आर्थर कॉनन डॉईल यांचा शेरलॉक होम्सच्या बारा कथांचा पहिला संग्रह या पावसाळ्यात मी मोठ्या अपेक्षेने चार दिवसांत वाचून काढला आणि विरस झाला. होम्स जे पाहून सारे ओळखतो, ते आपल्याला आधी कळतच नाही. त्यातच ‘स्पेकल्ड बँड’मधला साप दुधाच्या आमिषाने आणि शिट्टी ऐकून दोरीवरून परत येतो! कातळावरची फुरशी पाहत वाढलेल्या माणसाने हे कसे मानावे? माझ्याच वाचनात काही उणे आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : मुळीच नाही. सापाला बाह्यकर्ण नसतात आणि दूध हे त्याचे अन्न नव्हे, त्यामुळे आपला आक्षेप रास्त आहे. मात्र वाचकासमोर सारे दुवे आधी ठेवावेत, हा दंडक पुढे रूढ झाला. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी अशा कथांसाठी घालून दिलेले दहा नियम १९२९चे आहेत. या कथा जुलै १८९१ ते जून १८९२ या काळात ‘स्ट्रँड’ मासिकात दरमहा एक अशा आल्या, आणि महिनाभर वाट पाहणाऱ्याला जी मांडणी हवीहवीशी वाटे, तीच चार दिवसांत बारा वेळा समोर आली की कंटाळा येणारच.

‘ब्लू कार्बंकल’ तेवढी पुन्हा वाचावी, असा माझा आग्रह आहे. तीत धुळीने माखलेली, डाग शाईने झाकलेली जुनी हॅट वॉटसन आधी आपल्याला नीट दाखवतो. तिच्या मालकाने स्वाभिमान पुरता सोडलेला नाही, हे होम्स त्या शाईवरूनच ओळखतो.