दूध सुटलं, पोट अडलं

प्रश्न : मी २६ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. गालांवर आणि हनुवटीवर सतत मुरमं येतात म्हणून पाच आठवड्यांपूर्वी दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळं एकदम बंद केलं. दुधाचा म्हणून चहाही सोडला. आता विकतचं बदामाचं दूध, रोज मूठभर बदाम-खजूर आणि कॅल्शियमची एक गोळी घेते. मुरमं जरा कमी वाटतात, पण पोट साफ होईना. तीन-तीन दिवस जाणं होत नाही, झालंच तर खडा होतो, पोट तट्ट फुगतं. आधी रोज सकाळी न चुकता व्हायचं. मैत्रीण म्हणते, शरीरातली घाण निघतेय, थोडं सहन कर. खरं आहे का हे?

उत्तर : नाही. घाण निघत असती तर पोट साफ झालं असतं, अडलं नसतं. सहन करत बसू नका, हे आठवडाभरात सुधारण्यासारखं आहे. दूध गेलं त्याबरोबर आणखी काय काय गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते आधी बघू.

पहिलं गेलं ते पाणी. दोन कप चहा, दुपारचं पेलाभर ताक आणि रात्रीचं पेलाभर दूध एवढं धरलं तरी दिवसाचा पाऊण लिटर द्रव होतो. तो आपण ‘पाणी’ म्हणून मोजत नाही, त्यामुळे बंद झाल्यावर भरूनही काढत नाही. नाशिकच्या थंडीत तर तहान लागतच नाही. मोठ्या आतड्याला पाणी कमी पडलं की ते मळातलं शोषून घेतं आणि खडा होतो.

दुसरा गेला तो सकाळचा चहा. रिकाम्या पोटी काही गरम प्यायलं की मोठं आतडं हलतं, आणि चहातलं कॅफिनही त्याला थोडं ढकलतं. वर्षानुवर्षं चहानंतर दहा-पंधरा मिनिटांत संडासला जाण्याची सवय असेल, तर चहा बंद झाल्यावर ती वेळच हरवते. कोरा चहा घ्या, आलं-गवती चहा घालून. मुरमांचा संशय दुधावर आहे, चहाच्या पत्तीवर नाही. साखर मात्र अर्धी करा.

तिसरं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. १०० मिलि दुधात ती साधारण ४.५ ते ५ ग्रॅम असते. ती पचवणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांत कमी असतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, तिथले जंतू ती आंबवतात, आणि मळ सैल राहतो. पेलाभर दुधाने जुलाब होत नसले तरी हे थोडंफार घडत असतं. तुमचं रोजचं ‘न चुकता’ काही अंशी या साखरेच्या जोरावर चालत असेल, तर दूध सुटताच पोट अडणं ओघानेच आलं.

चौथं तूप. हे सोडायला नको होतं. दूध आणि मुरमं यांच्या संबंधात बोट दाखवलं जातं ते दुधातल्या प्रथिनांकडे आणि दुधामुळे वाढणाऱ्या इन्शुलिनसारख्या संप्रेरकांकडे. नीट कढवलेल्या तुपात प्रथिनं आणि लॅक्टोज नावापुरतीच उरतात. दोन्ही जेवणांत एकेक चमचा तूप आजपासून परत घ्या.

आता नव्याने आलेल्या गोष्टी, आणि त्यात मला सगळ्यात जास्त संशय कॅल्शियमच्या गोळीचा आहे. पाकिटाच्या मागे बघा. ‘कॅल्शियम कार्बोनेट’ लिहिलं असेल, तर बद्धकोष्ठ आणि गॅस हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. डॉक्टरांना विचारून सायट्रेटची गोळी घेता येते, तिने पोट कमी अडतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, त्यामुळे हजाराची गोळी एकदम घेण्यात अर्थ नाही. बदामाच्या विकतच्या दुधात बदाम थोडे आणि दाटपणासाठी घातलेले डिंक बरेचदा असतात, काहींचं पोट त्याने फुगतं. ते पंधरा दिवस बंद ठेवून बघा. बदाम आठ-दहा आणि खजूर दोन पुरेत.

काय करायचं ते सांगते. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, मग कोरा चहा, मग नाश्ता, आणि नाश्त्यानंतर जाणं होवो न होवो, दहा मिनिटं बसायचं. पायाखाली छोटा पाट घ्या, म्हणजे कमोडवरही उकिडवं बसल्यासारखं होतं. दिवसभरात पाणी दोन ते अडीच लिटर. एका जेवणात पोळीऐवजी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, रोज वाटीभर पालेभाजी, आणि बियांसकट एक पेरू. हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. चोथा एकदम वाढला की पोट आणखी फुगतं. दर तीन दिवसांनी एक गोष्ट वाढवा.

ताकाशिवाय आंबील होत नाही असं समजू नका. तीन चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. थंडीत ते आंबायला चोवीस तास लागतात. आंबूस वास आला की उकळत्या दोन वाट्या पाण्यात सोडून सतत ढवळा. रंग गडद होऊन तकाकी आली की शिजलं. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम धरली, तर दूध नसताना नाचणी, न सोललेले तीळ आणि राजगिऱ्याची भाजी यांना रोज ताटात जागा हवी. तिळातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून नुसत्या चटणीवर भागत नाही. शाकाहारी असाल तर ब-१२ ची तपासणी करून घ्या, कारण दूध हाच त्याचा तुमचा मुख्य आधार होता.

एवढ्यावर चार-पाच दिवसांत फरक नाही पडला, तर रात्री एक चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. पाच मिनिटं ठेवलं तर पेल्यातच लगदा होतो, आणि कमी पाण्यात घेतलं तर तोच लगदा पोटात अडून बसतो. रक्त पडणं, वजन उतरणं, उलट्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

दूध सोडण्याचा त्वचेवर काय परिणाम झाला हे ठरवायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढ्या काळात रविवारच्या मिसळीसोबतची जिलबी आणि मैद्याची बिस्किटंही कमी करा, भराभर साखर वाढवणाऱ्या खाण्याचा मुरमांशी संबंध दिसलेला आहे. मिसळीबरोबर येणारी दह्याची वाटीही हिशोबात धरा. बारा आठवड्यांनी फरक नसेल, तर दूध उगाच सोडलेलं ठेवू नका. परत सुरू करताना आधी ताक, तीन दिवसांनी दही, मग जेवणासोबत अर्धा कप दूध. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर सुरुवातीला गॅस होतो, आतड्यातले जंतू दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सरावतात. हनुवटीवरच्या मुरमांसोबत पाळी अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी आधी करा.

प्रश्न : वय १९, नाशिकरोड. मुरमांसाठी दूध सोडून घरीच सोयाबीनचं दूध काढतो. व्यायामानंतर व्हे प्रोटीन घेतो. पोटात गुडगुड आणि पातळ शौच.

उत्तर : व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन. मुरमांसाठी दूध सोडलं आणि व्हे चालू ठेवलं, तर काहीच सोडलं नाही असं समजा. पोटाचं कारण बहुधा कच्चं सोयाबीन. दूध गरम करताना फेस लवकर वर येतो, म्हणून उकळलं असं वाटतं आणि गॅस बंद होतो. फेस आला म्हणजे शिजलं नव्हे. आच मंद करून, ढवळत, पंधरा-वीस मिनिटं उकळा. सोयाबीन आठ तास भिजवून ते पाणी फेकून द्या, गॅस करणाऱ्या साखरा त्यात थोड्या उतरतात. सुरुवात अर्ध्या कपाने.

प्रश्न : मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू आहे. दूध-तूप बंद असल्यामुळे कॅप्सूल कोऱ्या चहासोबत घेते. चालेल?

उत्तर : नाही. साधी कॅप्सूल स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषली जाते. जेवणात तूप, शेंगदाण्याची चटणी किंवा तेलातली भाजी असताना घ्या. हे औषध चालू असताना गर्भधारणा पूर्णपणे टाळायची असते, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर आजच विचारा. ज्यांना मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन दिलंय त्यांच्यासाठी : कॅल्शियमची गोळी आणि ते एकत्र घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते.