सहा तासांत न्यूयॉर्क?

प्रश्न : बाई, मी ३१ वर्षे एस. टी. चालवली, वेळापत्रक वाचायची सवय आहे. पण मुलाने जुलैचे तिकीट पाठवलेय, ते काही डोक्यात बसेना. मुंबईहून रात्री १.१५ ला विमान सुटते आणि त्याच सकाळी ७.१५ ला न्यूयॉर्कला! ६ तास. सांगलीहून मुंबई गाठायला माझ्या गाडीला ९ लागायचे. परत येताना सकाळी ११.१५ ला निघून दुसऱ्या दिवशी ११.१५ ला मुंबई, म्हणजे २४ तास. मुलगा म्हणतो, वाऱ्यामुळे. असा कुठला वारा? आणि विमान आइसलँडकडून का नेतात?
– निवृत्त चालक, तासगाव

उत्तर : चालकसाहेब, अंतर सुमारे १२,५०० किमी आहे. ६ तासांत कापायचे तर ताशी २,००० च्या वर वेग हवा. प्रवासी विमान ९०० च्या आसपास जाते. तिथेच तुम्हाला शंका आली असणार.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जुलैत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे ७.१५, तेव्हा तासगावात दुपारचे ४.४५. म्हणजे जायला साडेपंधरा तास. परतीला तिथले ११.१५ म्हणजे आपले रात्रीचे ८.४५, तिथून दुसऱ्या दिवशी ११.१५ पर्यंत साडेचौदा.

उरला १ तास. तो वाऱ्याचा, पण मुलाने सांगितले त्याच्या उलट. विमाने १०-१२ किमी उंचीवरून जातात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर. आयर्विन पुलाखाली कृष्णेत होडी वल्हवली असेल तर हात सांगतील : वल्ही तेवढीच मारायची, पण धारेला लागलो की काठ भराभर मागे पडतो. हिवाळ्यात हा वारा आणखी जोर धरतो.

आइसलँडचे म्हणाल, तर भिंतीवरचा नकाशा फसवतो. माझ्याकडे शाळेतला ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल आहे (निवृत्त होताना मागून घेतला). त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क शिवणाचा दोरा ताणला. सैल होता तोवर अरबस्तानावर लोंबत होता. ओढला तसा सरकत सरकत वर फिनलंड, नॉर्वे, आइसलँडवर जाऊन बसला. भरला साडेएकोणतीस सेंमी. इथे १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी, गुणून पाहा. विमान रोज नेमके त्याच रेषेवरून जात नाही. वारा आणि बंद हवाई हद्दी बघून वाट ठरते. घाटात दरड कोसळली की तुम्हीही गाडी फिरवून नेत होतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे १ तास मागे घेतात, मग फरक साडेदहाचा. त्यानंतरचे तिकीट असेल तर हिशेब नव्याने करा.

विचारले नाहीत, तरी सांगते. तारीख दोनदा वाचा. १२ तारखेचे रात्री १.१५ म्हणजे ११ च्या संध्याकाळीच मुंबईत हवे. माझी जाऊ १२ ला दुपारी सांगलीहून निघाली, सामानात दोन किलो हळद आणि भडंग. विमानतळावर कळले, विमान आदल्या रात्रीच गेले. भडंग आम्ही खाल्ले.