दुखायच्या आधीची भेट

मुलांच्या वागण्याच्या तक्रारी घेऊन पालक माझ्याकडे येतात. ती आईही त्यासाठीच आली, दातांसाठी नव्हे. साडेतीन वर्षांचा मुलगा रात्री नीट झोपत नाही, दिवसभर चिडचिड करतो, जेवताना घास गालात धरून बसतो, ब्रश दिसला की घरभर पळतो, अशी तिची तक्रार होती. घरात दहा महिन्यांची धाकटी बहीण. त्यामुळे सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं की हा बहिणीवरचा राग आहे. तीही तेच धरून आली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

मी तिला विचारलं, रात्री उठतो तेव्हा हात कुठे नेतो? ती म्हणाली, "कानाकडे. पण कान दाखवून झाला, त्यात काही नाही." जेवताना घास कोणत्या बाजूला चावतो? ती थांबली. "डावीकडेच. उजवीकडे गेला तर तोंडातून काढून टाकतो."

या वयाच्या मुलाला आपलं नेमकं काय दुखतंय हे सांगता येत नाही. खालच्या दाढेची कळ कानापर्यंत जाते आणि मूल कान धरतं. किडीचं दुखणं रात्री जास्त जाणवतं. राग, हट्ट, झोपमोड असं दिसणारं बरंच काही कधी कधी एका दाढेतून येत असतं. म्हणून लहान मुलांच्या वागण्याची तक्रार आली की मी आधी शरीराबद्दल विचारते. या मुलाच्या चिडचिडीचं कारण बहीण असेलही, पण तोंड बघितल्याशिवाय मला ते म्हणता येणार नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा दीड वर्षाचा असताना वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत पांढऱ्या खडूसारख्या रेषा तिने पाहिल्या होत्या. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्या तपकिरी झाल्या. तिने घरात विचारलं, शेजारी विचारलं. सगळीकडून एकच उत्तर: दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, पाच वर्षांचा झाला की न्या. आणि दोन महिन्यांपूर्वी दाढ दुखून तो रडायला लागला तेव्हा घाईघाईत नेलं. तिथे तिघांनी हातपाय धरले, तो ओरडत राहिला आणि काम अर्धवट सोडून सगळे परत आले. ब्रशची भीती तेव्हापासूनची.

"मग न्यायचं तरी कधी असतं?" तिने विचारलं. हा प्रश्न मला इतक्या पालकांनी विचारला आहे की इथे सविस्तर लिहिते.

पहिला दात आला की न्यायचं. तेव्हा नाही जमलं तर पहिल्या वाढदिवसापर्यंत तरी. जगभरातले बालदंतरोगतज्ज्ञ हेच सांगतात. "एक-दोन दातांत काय बघणार?" असं तिनेही विचारलं. त्या भेटीत फारसं काही करायचं नसतं, हीच तिची खरी किंमत आहे. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, डोकं मागे डॉक्टरांच्या मांडीवर. ओठ वर करून बघायला दोन मिनिटं पुरतात. बाळ रडतं, पण रडताना तोंड उघडंच असतं आणि आई डोळ्यांसमोर असते. बाकीचा वेळ आईशी बोलण्यात जातो: पहिल्या दातापासून ब्रश, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, आणि झोपताना तोंडात दुधाची बाटली ठेवायची नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध दातांवर तसंच साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा असतो, वरच्यांना नसतो, म्हणून कीड बहुतेक वेळा वरच्या दातांपासून सुरू होते.

आणि त्या पांढऱ्या रेषा! ती किडीची पहिली खूण, आणि तिथेच कीड थांबवता येते. नीट ब्रश केला आणि फ्लोराइडचा लेप दिला तर बऱ्याचदा ड्रिलला हात लावावा लागत नाही. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, त्यामुळे खड्डा पडला की कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते. "पडणारच आहेत" हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर मुलाला त्यांनीच चावायचं असतं, आणि खालून येणाऱ्या दातांची जागाही त्याच राखतात.

हे ऐकून ती रडायला लागली. बाटली तिनेच दिली होती. कामावर रुजू झाली होती, रात्री तीन-तीन वेळा उठून ती थकून गेली होती आणि बाटलीने तो झोपायचा. "म्हणजे माझ्यामुळेच ना?"

अशा वेळी "तुमची काही चूक नाही" म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. आईला ते खोटं वाटतं. मी तिला म्हटलं, बाटलीमुळे कीड वाढली असणार. पण ती रेष तुम्हीच पाहिली, तुम्हीच विचारलं, आणि उत्तर चुकीचं मिळालं. मग मी विचारलं, या दोन महिन्यांत परत का नाही गेलात? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टर मला बोलतील म्हणून." माझ्या अनुभवात मुलांच्या भीतीइतकाच पालकांच्या या लाजेमुळे उशीर होतो. मूल आत दुखणं सोसत राहतं आणि आई बाहेर ओरडा खायच्या भीतीने थांबून राहते.

गालावर सूज नव्हती, ताप नव्हता. असता तर त्याच दिवशी न्यावं लागलं असतं, तयारी वगैरे बाजूला ठेवून. तरी दुखणं जुनं होतं, म्हणून माझ्यासमोरच तिने बालदंतरोगतज्ज्ञांना फोन केला आणि आधीचा प्रसंग सांगून टाकला. चार दिवसांनंतरची, सकाळची वेळ मिळाली.

त्या चार दिवसांत घरी एकच खेळ होता. टॉर्च घ्यायचा आणि बाहुलीचे, मग बाबांचे, मग आईचे दात मोजायचे. त्याचे मोजायचे नाहीत, त्याने स्वतः म्हटलं तरच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. आणखी दोन गोष्टी मी घरातल्या सगळ्यांना पाळायला सांगितल्या. "अजिबात दुखणार नाही" म्हणायचं नाही, कारण मुलाच्या कानात त्यातलं "दुखणार" तेवढं राहतं. आणि "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे तर कधीच नाही. आईला स्वतःला लहानपणापासून त्या खुर्चीची धास्ती होती. तिचे गार पडलेले हात मुलाला कळले असते, म्हणून त्याला बाबांनी मांडीवर घ्यायचं ठरलं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी फक्त दात मोजले आणि आरशात दाखवले. आईला कोणी काही बोललं नाही. पुढच्या भेटींमध्ये दोन दाढांची नस साफ करून त्यांवर स्टीलच्या कॅप बसल्या. वरच्या चार दातांची कीड थांबवायला चांदीचं औषध लावलं. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून संमती घेतली. दाढांचं काम झालं त्या आठवड्यात तो सलग झोपायला लागला. बहिणीशी भांडणं मात्र चालूच राहिली, आणि त्यासाठी ती आई माझ्याकडे आणखी चार वेळा आली. धाकटीला खाली दोनच दात होते. तिला पहिल्याच दिवशी मांडीवर तपासून घेतलं.

अडीच वर्षांनी तिचा मेसेज आला, सोबत फोटो: "मागे एक नवीन दाढ दिसतेय. दात तर एकही पडला नाही. ही दुधाची की कायमची?" सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता ही पहिली कायमची दाढ येते. दुधाची समजून पुष्कळ घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मी उत्तर लिहीत होते, तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला: "शनिवारची वेळ घेऊन ठेवलीय. आता दोघांचं भांडण चाललंय, खुर्चीवर आधी कोण बसणार."