ग्लायफोसेट: आधी प्रश्न वाचा, मग उत्तर
ग्लायफोसेट या तणनाशकाने कर्करोग होतो का, या वादात उतरताय, तर 'कोण विकलं गेलंय' हे आधी शोधू नका. कोणी काय तपासलं ते वाचा. मार्च २०१५ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट '२ए' गटात, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक', टाकलं. नोव्हेंबरात युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी म्हटलं. पहिल्यांनी प्रसिद्ध अभ्यास पाहिले, बाजारातल्या तयार मिश्रणांसकट. दुसऱ्यांनी मुख्यतः मूळ रसायन, शिवाय कंपन्यांचे अप्रकाशित अहवालही. आणि गट सांगतो पुराव्याची ताकद, धोक्याचं प्रमाण नाही. ६५ अंशांवरचा कढत चहाही २एमध्येच आहे! (फुंकर मारून प्या.) 'धोका ४० टक्क्यांनी वाढला' दिसलं की मूळ आकडा मागा: लाखात पाचाचे सात झाले, तरी तेच ४० टक्के. फवारणाऱ्याचा आकडा भाकरी खाणाऱ्याला लावतात, तिथे हमखास गफलत होते.