वाचक विचारतात : उंटांची शर्यत पाहायला जाताना

प्रश्न : उंटांच्या शर्यती पाहायला राजस्थानात जायचे आहे. पुष्कर बरे की जैसलमेर? तारीख कशी काढायची आणि मैदानावर कुठे उभे राहायचे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शर्यत पाहायची तर जैसलमेर, बाजार पाहायचा तर पुष्कर. पुष्करची जत्रा कार्तिक पौर्णिमेला संपते, पण तोवर बरेचसे उंट विकले जाऊन परतीला लागलेले असतात. त्या दिवशीची गर्दी सरोवरात स्नान करणाऱ्यांची. तिथे आठवडाभर आधीच पोहोचा. जैसलमेरचा मरू महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास भरतो. उंटांच्या शर्यती शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, सम भागातल्या वाळवंटात होतात. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो म्हणून तिथींचा घोळ होईल असे वाटते; पण घोळ फक्त वद्य पक्षात होतो. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा, त्यामुळे घरातली दिनदर्शिका चालते. कार्यक्रमाची वेळ मात्र राजस्थान पर्यटन विभागाकडून पक्की करूनच तिकीट काढा.

नाशिकहून सोयीचा रस्ता म्हणजे बसने सुरत, तिथून जोधपूरची रेल्वे आणि पुढे जैसलमेर. समचे तंबू पौर्णिमेला महाग होतात. शहरात राहून गाडीने जाणे परवडते. स्वेटर विसरू नका, सूर्य मावळला की वाळू झपाट्याने गार पडते.

आता जागा. बहुतेक जण शेवटच्या रेषेपाशी गर्दी करतात, आणि धोका तिथेच जास्त. घोड्यासारखा लगाम उंटाच्या तोंडात नसतो. दोरी नाकपुडीत बसवलेल्या खुंटीला बांधलेली असते. बैलाची वेसण पाहिलेल्याला हे लगेच कळेल. ती हिसडली तर नाक फाटते, म्हणून स्वार जपून ओढतो आणि भरधाव उंट रेषा ओलांडून बराच पुढे जातो. एकदम वळवायला गेले तर लांब मान वळते, अंग सरळच धावते. तेव्हा रेषेच्या बरेच अलीकडे, दोरीच्या मागे उभे राहा. वळण असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूला कधीच नको. शर्यत दुपारनंतर असेल तर पश्चिमेची बाजू धरा, ऊन पाठीशी राहते. वारा मात्र आधी पाहा, नाहीतर सगळी धूळ तुमच्याच तोंडावर. कॅमेऱ्याची भिंग तिथे बदलू नका. वाळूचा एक कण आत गेला तरी पुरे.

प्रश्न : एका चित्रफितीत उंटाच्या तोंडातून फेस आणि गुलाबी फुगा बाहेर आलेला दिसला. हा आजार आहे का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. तो मऊ टाळूचा भाग आहे. हिवाळ्यात नर माजावर येतो तेव्हा तो फुगवून बाहेर काढतो, गुळगुळ आवाज करतो, दात खातो. शर्यती नेमक्या याच काळात येतात. अशा नराच्या तोंडाजवळ जाऊ नका, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही. त्याचा चावा हाड मोडू शकतो.

प्रश्न : उंटावर बसताना तोल जातो, काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : उठताना उंट आधी मागचे पाय ताठ करतो, म्हणजे तुम्ही पुढे फेकले जाता, तेव्हा मागे रेला. पुढचे पाय उचलले की पुढे झुका. खाली बसताना पुढचे गुडघे आधी टेकतात, तेव्हा पुन्हा मागे. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, म्हणून हेलकावा डावीउजवीकडे बसतो. कंबर सैल सोडा. रिकिबी नसतील तर बसण्याआधी मागून घ्या, लोंबकळते पाय मांड्या सोलून काढतात.

प्रश्न : गोदाकाठी अशी शर्यत भरवता येईल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ते अवघडच आहे. उंट २०१४ पासून राजस्थानचा राज्यपशू आहे आणि २०१५ च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय तो राज्याबाहेर नेता येत नाही. परवानगी मिळाली तरी त्याच्या पायाची रुंद गादी वाळूसाठी असते. ओल्या काळ्या मातीत ती घसरते आणि पाय फाकून उंट जायबंदी होतो. शिवाय पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे उंटांत सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो.